चुडत तुटल्यावर

मे महिन्यातली रात्र. वारा पडलेला. मी आजीच्या शेजारी गोधडीवर जागाच आहे, आणि घरामागच्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेत, उंचावर कुठेतरी ‘कट्’ असा आवाज होतो. मोठा नाही. वाळकी काटकी गुडघ्यावर मोडावी तेवढाच. त्यानंतर काहीच नाही. मी श्वास धरून पडून राहतो. मग बऱ्याच वेळाने, निदान मला तरी तो फार मोठा वाटायचा, अंधारातून काहीतरी सरसरत खाली येतं आणि जमिनीवर धप्पकन आदळतं.

“चुडत पडलं,” आजी डोळे न उघडता म्हणायची. “निज आता.”

चुडत म्हणजे माडाची वाळलेली झावळी. देशावरच्या वाचकांसाठी सांगतो, ती एकाएकी गळून पडत नाही. आधी तिचा देठ शेंड्यापाशी तडकतो, मग ती उरल्यासुरल्या तंतूंवर लोंबत राहते आणि शेवटी आपल्याच भाराने सुटते. तडकण्यात आणि आदळण्यात कधी दोन सेकंद जातात, कधी दहा-पंधरा. धप्प झाल्यावर मला कधीच भीती वाटली नाही. उलट अंग सैल पडायचं, झोप यायची. भीती सगळी त्या मधल्या वेळात असायची. तेवढ्या वेळात कुळागरात कुणीही असू शकत होतं. हातात काठी घेऊन गावाची सीमा फिरणारा राखणदार असू शकत होता. तो आपलं रक्षणच करतो, पण त्याच्या वाटेत उभं राहायचं नाही, हे गोव्यात फोंड्याच्या बाजूला प्रत्येक पोराला ठाऊक असतं.

गेली पंचवीसेक वर्षं मी भयपट मन लावून बघतो आहे. त्यातही पहिली दहा मिनिटं जास्त. पुष्कळदा तेवढीच बघून थांबतो आणि मागे जाऊन पुन्हा बघतो. आणि जितकं बघतो तितकं मला वाटत जातं की उत्तम भयपटाची सुरुवात त्या ‘कट्’ आणि ‘धप्प’ यांच्या मधल्या जागेत घडते. आवाज आधी येतो, कारण मागून येतं. त्या दोहोंच्या मधे कॅमेरा कुठे उभा करायचा आणि किती वेळ, हे ज्याला कळलं त्याला हा प्रकार जमला.

आमच्या जुन्या घराला दर्शनी बाजूला शिंपांच्या तावदानांची एक खिडकी होती. गोव्यात काच महाग होती त्या काळातली ती रीत. तळहाताएवढ्या सपाट शिंपा घासून पातळ करायच्या आणि लाकडी चौकटीच्या खोबणीत एकावर एक बसवायच्या. अशा खिडकीतून उजेड आत येतो, आकार येत नाही. दुपारी सगळी वसरी दुधाळ दिसायची. रात्री बाहेरून कुणी कंदील घेऊन गेलं की आधी कडेची एक शिंप पिवळी व्हायची, मग तिच्या शेजारची, मग पुढची. उजेड असा एकेका चौकोनातून सरकत पलीकडच्या टोकाला जाऊन विझायचा. कोण जातंय ते कळायचं नाही. किती सावकाश जातंय, ते मात्र नेमकं कळायचं. मधेच उजेड एका शिंपेवर थांबला तर आम्ही मुलं एकमेकांचा हात धरायचो.

चित्रपटात कॅमेऱ्याची हालचाल कशासाठी असते हे मला पुढे पुस्तकांतून कळलं, पण मुळात ते त्या खिडकीने शिकवलं होतं. कोण आहे हे लपवायचं आणि गती दाखवायची. माणूस गतीवरून हेतू ओळखतो. सावकाश सरकणाऱ्या गोष्टीला काहीतरी ठाऊक आहे असं आपलं मन धरून चालतं.

आवाजाचा धडा मात्र मला देवळाच्या सभामंडपात मिळाला. आमच्या गावात देवाच्या उत्सवाला मराठी नाटक असतं. मी कॉलेजात असताना पार्श्वसंगीत माझ्याकडे आलं, म्हणजे दोन कॅसेट प्लेअर, एक छोटा मिक्सर आणि पेन्सिलीने खुणा केलेली संहिता. त्या वर्षी रहस्यनाट्य होतं. पडदा उघडतो तेव्हा बंगल्याचा दिवाणखाना, वादळी रात्र, रिकामी आरामखुर्ची. गडगडाट झाला की जिन्यावरून नायक उतरणार. मी पणजीहून आणलेल्या कॅसेटवर गडगडाट, कुरकुरणारं दार, व्हायोलिन असं सगळं क्रमाने भरून ठेवलं होतं. तिसरी घंटा झाली, पडदा उघडला, मी बटण दाबलं आणि टेप प्लेअरच्या पोटात गुंडाळली गेली.

स्टेजवर एकच निळा स्पॉट, खुर्ची, जिना. नायक वर अंधारात गडगडाटाची वाट बघत उभा. मी विंगेत पेन्सिल घालून टेप सोडवतोय. सुरुवातीला प्रेक्षकांत नेहमीची कुजबुज होती, चण्यांच्या पुड्यांची खसखस होती. मग ती हळूहळू थांबली. कुणी ‘गप्प बसा’ म्हटलं नव्हतं. मागच्या बाजूला जनरेटरची घरघर तेवढी होती, आणि वाऱ्याने काळा पडदा खुर्चीच्या मागे किंचित आत येत होता, परत जात होता. पहिल्या रांगेतल्या एका बाईने पाय उचलून खुर्चीवर घेतले. ती हालचाल मी विंगेतून पाहिली आणि माझे हात थांबले. रिकामी खुर्ची बघून चारशे माणसं घाबरली होती, आणि त्यांना घाबरवायला मी काहीच केलं नव्हतं.

अर्ध्या मिनिटानंतर दुसऱ्या प्लेअरवरून गडगडाट सुटला आणि सगळे हुश्श करून मागे टेकले. चुडत पडलं होतं. दिग्दर्शक मध्यंतरात मला खूप बोलले, आणि ते बरोबरच होतं, क्यू चुकला होता. पण मी ऐकत नव्हतो. माझ्या डोळ्यांसमोर ते उचललेले पाय होते.

डोळा मिटता येतो, कान मिटता येत नाही. त्यात रात्रीचा आवाज दिवसासारखा वागत नाही. सूर्य मावळल्यावर जमिनीलगतची हवा आधी गार होते, वरची ऊबदार राहते, आणि वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. म्हणून दिवसा न ऐकू येणारी पलीकडच्या वाड्यावरची आरती रात्री अंगणात झाल्यासारखी वाटते. खर्जातला आवाज कुठून येतो हे तर कानाला नीट सांगताच येत नाही. दूरच्या आवाजातली तीक्ष्णता वाटेत विरते, घुमारा उरतो. चित्रपटातला ध्वनिसंयोजक याच गोष्टींशी खेळतो: आवाज जवळ आणायचा, जागा सांगायची नाही.

याचं आपल्याकडचं सर्वात सुंदर उदाहरण ‘महल’चं (1949). वादळी रात्र, ओसाड वाडा, नवा मालक, कंदील घेतलेला म्हातारा माळी आणि त्याने सांगितलेली जुनी गोष्ट. भिंतीवरची तसबीर खाली येते आणि नायकाला तिच्यात स्वतःचाच चेहरा दिसतो. घड्याळाचे ठोके पडतात, आणि मग कुठूनतरी बाईचा आवाज येतो, ‘खामोश है जमाना’. ‘आएगा आनेवाला’ला अजून अवकाश आहे. आधी नुसत्या ओळी येतात, लय नसलेल्या, लांबून. खेमचंद प्रकाशांची चाल, लताबाईंचा गळा. आजच्यासारखी यंत्रं नव्हती तेव्हा, म्हणून मायक्रोफोन खोलीच्या मधोमध ठेवला आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात एकेक पाऊल पुढे आल्या. मुखडा सुरू होताना त्या मायक्रोफोनपाशी पोचल्या. ही हकिगत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलेली आहे.

मला ती हकिगत वाचल्यापासून सोडत नाही. गाण्यातलं ते अंतर खरं आहे. एक मुलगी स्टुडिओतल्या फरशीवरून खरोखर चालत आली आहे, आणि तिचं ते चालणं गाण्यात भरलेलं आहे. ऐकणाऱ्याला पावलं ऐकू येत नाहीत, पण कुणीतरी जवळ येतंय हे अंगाला कळतं. त्या वेळी त्यांचं वय जेमतेम वीस. मंगेशीचं देऊळ आमच्या घरापासून लांब नाही. तिथल्या तळीपाशी उभा राहिलो की मला कधीकधी ते गाणं आठवतं, पण मुखडा नाही, त्याच्या आधीचं ते लांबून येणं.

‘महल’चे छायालेखक योझेफ विर्शिंग म्युनिकचे. 1930च्या दशकात बॉम्बे टॉकीजसाठी हिंदुस्थानात आले, महायुद्धात नजरकैदेत राहिले आणि पुन्हा इथेच कामाला लागले. त्यांनी काढलेल्या छायाचित्रांचं प्रदर्शन 2017 साली पणजीत सेरेंडिपिटी महोत्सवात भरलं होतं. मी दोनदा गेलो. त्या कृष्णधवल चित्रांत मी एकच गोष्ट बघत होतो, उजेड कुठे पडलाय त्यापेक्षा तो कुठे पडू दिलेला नाही. चेहऱ्याची एक बाजू, जिन्याच्या अर्ध्याच पायऱ्या. बाकीचा अंधार काळ्या शाईसारखा भरीव, त्यात हात घातला तर हाताला काहीतरी लागेल असा. तिथल्या एका चित्रापुढे उभा असताना मला आमची शिंपांची खिडकी आठवली आणि गळा दाटून आला.

जॉन कारपेंटरच्या ‘हॅलोविन’ची (1978) सुरुवात मी किती वेळा पाहिली असेल याची गणती नाही. काळ्या पडद्यावर डावीकडे कोरलेला भोपळा, आत ज्योत. कॅमेरा अगदी हळू त्याच्या डोळ्याकडे सरकतो आणि पियानोवर एकच छोटी चाल फिरत राहते. तिच्या एका फेऱ्यात पाच मात्रा आहेत. माझे वडील भजनात तबला धरायचे, त्यामुळे पाच म्हटलं की मला झपतालातलं ‘धी ना धी धी ना’ आठवतं आणि बरं वाटतं. पण चारच्या ठेक्यावर वाढलेल्या कानाला हा पाचवा ठोका दर खेपेला अडतो. अंधारात जिना उतरताना संपला असं वाटावं आणि आणखी एक पायरी लागावी, तसं होतं.

मग रात्र, आणि एक घर. कॅमेरा बाहेरून घराकडे निघतो, खिडकीतून आत बघतो, मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरतो. एक हात पुढे येतो, खणातून सुरी काढतो. आपण जिना चढतो. खाली पडलेला मुखवटा उचलला जातो, चढवला जातो आणि पडद्यावर फक्त दोन भोकं उरतात. त्या क्षणापासून श्वास ऐकू येऊ लागतो, मुखवट्याच्या आतला, म्हणजे आपला. सुमारे चार मिनिटं हे एका दमात चाललेलं वाटतं. मधले जोड लपवलेले आहेत. नंतर खून होतो, तोच हात खाली उतरून घराबाहेर येतो, समोर आई-वडील, ते मुखवटा काढतात आणि कॅमेरा पहिल्यांदा त्या डोळ्यांमधून बाहेर पडून त्याच्याकडे बघतो. सहा वर्षांचा मुलगा. हातात सुरी.

हे चित्रण पॅनाग्लाइड नावाच्या साधनावर झालं, स्टेडिकॅमच्या जातीचं. कॅमेरामनच्या अंगावर पट्ट्यांनी जोखड बांधलेलं असतं आणि त्याच्या चालण्याचे हिसके स्प्रिंगच्या दांड्यात जिरतात. रुळांवरच्या ट्रॉलीइतका तो सरळ जात नाही, हातातल्या कॅमेऱ्यासारखा हिंदकळतही नाही. तरंगतो. बघणारा चालतोय, पण त्याला पावलं नाहीत. आपल्याकडे भूत ओळखायची खूण पायांची, ते उलटे असतात म्हणतात. त्या चार मिनिटांत आपल्याच पायांचं काहीतरी बिघडलेलं असतं.

कारपेंटरनेच लिहून ठेवलंय की संगीत घालण्यापूर्वी त्याने हा चित्रपट एका स्टुडिओतल्या अधिकारी बाईंना दाखवला, आणि त्यांना अजिबात भीती वाटली नाही. मग त्याने स्वतःच संगीत केलं. या गोष्टीने मी बरेच दिवस अस्वस्थ होतो, कारण माझ्या नाटकात तर संगीत नव्हतं म्हणूनच लोक घाबरले होते. नंतर उमगलं की दोन्हीकडे एकच घडलंय. सभामंडपातल्या लोकांना रंगलेल्या पडद्याने, तिसऱ्या घंटेने, निळ्या उजेडाने आधीच वचन दिलेलं होतं. ‘कट्’ होऊन गेला होता. चित्रपटाच्या पडद्यावर एक साधी गल्ली, एक साधं घर. तिथे तो ‘कट्’ पियानोने करायचा असतो. आणि कारण दिसायच्या फार आधी.

‘जॉज’मधल्या (1975) त्या दोन स्वरांबद्दल इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही. एवढंच, की पहिल्या दृश्यात मासा दिसत नाही. मुलगी पाण्यात ओढली जाते ती दोरांनी, आणि आपण ते दोर न बघता मासा बघतो.

‘सस्पिरिया’ची (1977) गोष्ट वेगळी आहे. एक मुलगी विमानतळातून बाहेर यायला निघाली आहे, समोर आपोआप उघडणारी काचेची दारं. दार उघडलं की बाहेरचा पाऊस-वारा आणि त्याबरोबर पार्श्वसंगीत आत येतं. दार मिटलं की संगीत तुटतं, विमानतळाचा गलका राहतो. म्हणजे ते संगीत आपल्यासाठी लावलेलं नसून बाहेर अंधारात खरोखर वाजतंय. ती त्या दारातून बाहेर जाणार, आणि आपल्याला तिला थांबवता येत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात मागचं दार उघडलं की पावसाचा आवाज असाच अंगावर येतो. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. नळ्यांच्या, म्हणजे कौलांच्या, छपराखाली बसलं की जवळच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, मग परसात कोण चाललंय ते कुठून कळणार! पाऊस पडद्यावर इतका भीतिदायक का होतो त्याचं कारण हेच: तो पावलं झाकतो. ‘तुंबाड’च्या (2018) चमूने खऱ्या पावसात, एकाहून जास्त पावसाळ्यांत चित्रीकरण केलं. त्या आभाळात ऊन कुठेच नाही, आणि ते मेहनतीने आलंय हे जाणवतं.

आता मेस्तांची गोष्ट. आमच्या शेजारी चर्चच्या कॉयरमध्ये आयुष्यभर व्हायोलिन वाजवलेले एक मेस्त राहायचे. गोव्यात संगीत शिकवणाऱ्याला मेस्तच म्हणतात. एका संध्याकाळी मी ‘द शायनिंग’ (1980) लावला होता आणि ते मीठ की काहीतरी मागायला दारात आले. पडद्यावर तलाव, डोंगर, स्वच्छ दिवस. खूप उंचावरून, हेलिकॉप्टरमधून दिसणारा रस्ता आणि त्यावर किड्याएवढी पिवळी गाडी. मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये घेतलेली ही दृश्यं. कुणालाही वाटेल सहलीचा चित्रपट आहे. मेस्तांचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. ते दाराच्या चौकटीला हात लावून ऐकत राहिले.

“हें मरणाचें कंतार, पुता,” ते म्हणाले. कंतार म्हणजे गाणं.

वेंडी कार्लोस आणि रेचेल एल्किंड यांनी सिंथेसायझरवर वाजवलेली ती चाल ‘दिएस इरे’ची आहे, कॅथलिकांच्या मृतांसाठीच्या प्रार्थनेतलं मध्ययुगीन लॅटिन गीत. मेस्तांनी ती लहानपणापासून प्रेतांपुढे गायली होती. मला नुसता जडपणा ऐकू येत होता. त्यांना शब्द ऐकू येत होते. गाडीतला माणूस अजून कामाच्या मुलाखतीला निघालाय आणि त्याची अंत्ययात्रा आभाळातून त्याच्यामागे लागलेली आहे. ते बसले आणि आम्ही ती तीन मिनिटं पुन्हा पाहिली. दुसऱ्या वेळी मला आणखी एक दिसलं. एका ठिकाणी कॅमेरा गाडीला गाठतो, मागे टाकतो आणि रस्ता सोडून दरीवरून निघून जातो. पाठलाग करणारा असं करणार नाही. पण ज्याला शेवट माहीत आहे, त्याला गाडीला चिकटून राहायची गरज काय? अनमोडच्या घाटातून जाताना वर आभाळाकडे बघायची सवय मला तेव्हापासून लागली.

सगळं रात्रीच घडायला हवं असंही नाही. ‘सायको’च्या (1960) श्रेयनामावलीत बर्नार्ड हर्मनने नुसती तंतुवाद्यं खरवडली आहेत, आणि ती थांबतात तेव्हा समोर फिनिक्स शहर आहे, शुक्रवार, 11 डिसेंबर, दुपारचे 2 वाजून 43 मिनिटं. कॅमेरा शेकडो खिडक्यांवरून फिरत एका अर्धवट ओढलेल्या खिडकीत घुसतो. एवढी नेमकी वेळ कशाला? आजी भर दुपारी बाराला परसातल्या विहिरीवर जाऊ द्यायची नाही. उन्हातही ती वेळ सांगायची, जागा सांगायची, कारण सांगायची नाही.

हल्ली बरेच भयपट पहिल्याच मिनिटात कानठळ्या बसवणारा दणका देतात, तेव्हा मला वाईट वाटतं. दचकणं हे शरीराचं काम आहे, फटाका वाजला तरी माणूस दचकतो. दणका म्हणजे धप्प. तो पहिल्या मिनिटालाच खर्च केला तर पुढच्या दोन तासांसाठी उरलं काय? फोनवर, उजेडात, एका कानात इअरफोन घालून बघणाऱ्यासाठी तसं करावं लागतं असं मला एका तरुण संकलकाने समजावलं. मला ते पटलं नाही. पणजीच्या कला अकादमीत इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या वेळी पाहिलेला एक खेळ आठवतो. तिथल्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिराच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी सज्जे रंगवलेले, त्यांत बसलेले प्रेक्षक रंगवलेले. दिवे मावळताना खरी माणसं आधी अंधारात गेली आणि ती चितारलेली माणसं क्षणभर मागे राहिली. पडदा अजून काळा होता. माझ्या शेजारच्या अनोळखी बाई हळूच म्हणाल्या, “ते बघताहेत.” चित्रपट सुरू व्हायचा होता.

यंदा मे महिन्यात मी लेकीला घेऊन जुन्या घरी राहिलो. ती बारा वर्षांची आहे. मला चुडताचा आवाज नीट टिपायचा होता. मागच्या पडवीत रेकॉर्डर लावला, दोघांनी एकेक हेडफोन घातला. पहिल्या रात्री रातकिडे आणि लांबवरचे ट्रक. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या रात्री सव्वादोनच्या सुमारास ती अर्धवट झोपेत होती, आणि हेडफोनमध्ये, थेट डोक्याच्या आत, ‘कट्’ झालं. ती ताडकन उठून बसली. तिने माझं मनगट धरलं.

आम्ही थांबलो. वीस सेकंद. मिनिट. रेकॉर्डरचा लाल आकडा पुढे जात होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ती मनगट सोडेना. कुळागरात काहीच पडलं नाही.

उजाडल्यावर मी चपला पायात सरकवल्या. कुठेतरी फणसाच्या फांदीत नाहीतर पोफळींच्या मधे अडकलं असणार, बघून येतो म्हटलं. ती पडवीच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, डोळे माडांच्या शेंड्यांकडे.

“बाबा,” ती म्हणाली, “जाऊ नको ना बघायला.”

मी चपला काढल्या आणि तिच्या शेजारी बसलो.